भाव नसलेलं भंगार

१८८० च्या दशकात पुणे नगरपालिकेचा एक माल चांगला खपत होता. शहरातल्या संडासांतून वाहून आणलेला मैला राखेत आणि केरात कालवायचा, उन्हात वाळवायचा आणि खत म्हणून विकायचा. इंग्रज अधिकारी त्याला पूड्रेट म्हणत, शेतकरी सोनखत. सुरुवातीला शेतकऱ्यांनी नाकं मुरडली. पण खडकवासल्याचं धरण झालं, मुठा नदीचा कालवा निघाला, शहराच्या पूर्वेला उसाचे मळे उभे राहिले आणि ऊस खताला हावरा. मग विटाळाची भाषा मागे पडली आणि गाड्या भरून सोनखत जाऊ लागलं. पुणे जिल्ह्याच्या १८८५ च्या गॅझेटियरमध्ये या खताची नोंद आहे. मैला डोक्यावरून वाहणारी माणसं मात्र अस्पृश्यच राहिली. त्यांनी वाहिलेल्या मालाला तेवढा भाव आला.

पुण्याच्या कचऱ्याच्या इतिहासात हे असंच चालत आलं आहे. वस्तूला गिऱ्हाईक मिळालं की ती कुठल्या कुठे पोचते, आणि गिऱ्हाईक गेलं की ती दारात, नाल्यात किंवा शेजारच्या गावाच्या माथी येऊन पडते. नगरपालिका, महापालिका, सरकारी नियम हे सगळं नंतर येतं. आधी येतो तो भाव.

जुन्या पेठांतल्या घरातून फुकट बाहेर पडायचं असं फारसं काही नव्हतंच. चुलीतली राख भांड्यांना लागायची. सुती लुगडं विरलं की त्याची गोधडी व्हायची, गोधडी फाटली की पायपुसणं. तांब्या-पितळेची भांडी तर कधी टाकायची नसतातच. पोचा आला तर कासाराकडे, कलई उडाली तर कल्हईवाल्याकडे, आणि अगदीच चिरलं तर मोडीत. रविवार पेठेतल्या, बोहरी आळीतल्या दुकानांत जुनं भांडं काट्यावर टाकायचं, मोडीचा भाव वजा करून नवं उचलायचं, ही रीत अजून मोडलेली नाही. कसबा पेठेतल्या तांबट आळीला मालाचा एक स्रोत ही मोडही होती. पेशवाईत कोकणातून आलेल्या तांबटांच्या हातोड्या तिथे अजून वाजतात. मठारकाम म्हणजे पत्र्यावर ओळीने एकेक ठोका मारून त्याला ताकद आणि चकाकी आणणं. आजी-आजोबांच्या लग्नातला हंडा वितळून नातवाच्या दिवाणखान्यातली फुलदाणी होते ती या आळीच्या जोरावर.

कागदाचीही तीच गत. कसबा पेठेतच कागदीपुरा आहे. इथे कागदी समाजाचे मुसलमान कारागीर हाताने कागद बनवत. त्यांचा कच्चा माल म्हणजे तागाची जुनी पोती, सुतळ्या, दोर आणि चिंध्या. ज्या कागदावर वतनांचे आणि वसुलाचे हिशेब लिहिले गेले, त्यातला काही एकेकाळी कुणाचं तरी फाटकं पोतं होता. गिरणीचा कागद आला आणि हा धंदा बसला. पुढे गांधीजींच्या ग्रामोद्योगाच्या आग्रहातून के. बी. जोशी यांनी तो पुन्हा उभा करायचा घाट घातला आणि १९४० मध्ये शिवाजीनगरला, शेतकी कॉलेजच्या शेजारी, हातकागद संस्था सुरू झाली. तिथला कागद आजही मुख्यतः सुती कापडाच्या कातरणांतून होतो. कातरण निवडायचं, बारीक कापायचं, लगदा करायचा, चाळणीवर उचलायचा, दाबायचा, वाळवायचा. झाड तोडावं लागत नाही. लग्नपत्रिका घ्यायला येणाऱ्या किती जणांना आपण बनियनच्या कापडावर निमंत्रण छापतोय हे ठाऊक असतं, कोण जाणे.

दारावरच्या व्यापारात खरी हुकमत बोहारणीची. डोक्यावर भांड्यांची पाटी, खांद्याला कपड्यांचं गाठोडं, आणि दुपारची नेमकी वेळ, म्हणजे घरातले पुरुष कामावर आणि बायका जरा निवांत. हा धंदा बराचसा गुजरातेतून आलेल्या वाघरी समाजातल्या बायकांचा. स्टेनलेस स्टील घरोघर आलं तेव्हा त्याला बहर आला. ओट्यावर बैठक जमायची. बोहारीण पॅंट उलटी करून बूड बघायची, साडी उजेडाला धरायची, पदराला दोन्ही हातांनी ताण द्यायची. “ताई, ही तर जाळी झालीये” म्हणत बाजूला सारायची, आणि शेवटी तीच साडी गाठोड्यात बांधायची. घरातली बाई झाकणाच्या डब्यावर अडून बसलेली, बोहारीण वाटीवरून हलायला तयार नाही. तास-दीड तासाच्या घासाघिशीनंतर मधलं पातेलं ठरायचं आणि दोघींनाही आपण जिंकलो असं वाटायचं. जरीच्या साड्यांचं गिऱ्हाईक निराळं. खरी जर जाळली की चांदी सुटते, म्हणून जर घेणारे ती तोळ्यावर तोलून घेत.

हे कपडे पुढे जात कुठे? धड असतील ते धुऊन, इस्त्री मारून, बटणं लावून जुन्या बाजारात. मंगळवार पेठेच्या बाजूला बुधवारी आणि रविवारी भरणाऱ्या या बाजारात पॅंटपासून पाना-पकडीपर्यंत आणि बंद घड्याळापासून एका पायाच्या बुटापर्यंत काहीही मिळतं. फाटके सुती कपडे चिंधी म्हणून गॅरेजांत, कारखान्यांत, यंत्रांचं तेल पुसायला. गादीची सोय आणखी सोपी होती. पिंजारी धनुकलीची तार छेडत गल्लीतून जायचा. त्याला हाक मारायची, गादी उसवायची, गोळा झालेला कापूस तो अंगणात बसून पिंजून द्यायचा आणि संध्याकाळपर्यंत तीच गादी पुन्हा टम्म. एक गादी दोन पिढ्यांना पुरायची.

या सगळ्यात पर्यावरणाची जाण वगैरे काही नव्हती. वस्तू महाग होत्या आणि माणसाचे कष्ट स्वस्त. आपल्याकडे पूर्वी सगळं कसं छान होतं असं म्हणणाऱ्यांनी एवढं ध्यानात ठेवलेलं बरं.

प्लास्टिक आलं आणि हिशेब बिघडला. दुधाची पिशवी, शाम्पूची पुडी, बिस्किटांचं चकचकीत वेष्टन. पहिलीला थोडाफार भाव होता, दुसऱ्या दोघांना काहीच नाही. शहर वाढलं, कचराही वाढला. कोथरूडला पौड रस्त्यालगत कचरा डेपो होता; तिथे आता मेट्रोचा कारडेपो आहे. कोथरूडभोवती वस्ती झाल्यावर कचरा आणखी लांब, उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या माळावर जाऊ लागला. पुढची कित्येक वर्षं पुणेकराने बादली पेटीत उलटी केली की त्याची जबाबदारी संपायची आणि फुरसुंगीकराची सुरू व्हायची. विहिरींचं पाणी नासलं, डेपोला आगी लागल्या, गावकऱ्यांनी पुन्हा पुन्हा गाड्या अडवल्या. गाड्या अडल्या की चार दिवसांत पुण्यातले चौक नाकाला रुमाल लावून ओलांडावे लागायचे. ‘येथे कचरा टाकू नये’ या पाटीखालीच कचऱ्याचा ढीग साचण्याचा पुणेरी चमत्कार तेव्हाचा.

पेटीत जे उलटं व्हायचं, त्यात कुणीतरी हात घालत होतं. कागद, काच, पत्रा वेचणाऱ्या बायका. बहुतेक जणी दलित, त्यांतही मातंग समाजातल्या बऱ्याच. अनेकींची घरं १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यातून, सोलापूरकडून शहरात आलेली. पहाटे पोतं घेऊन निघायचं, पेट्या चाळायच्या, दुपारी भंगारवाल्याकडे वजन करायचं. भंगारवाला उचल द्यायचा आणि भावही तोच ठरवायचा. पोलीस चोर समजायचे, सोसायटीचा वॉचमन हाकलायचा.

१९९० च्या सुमारास एसएनडीटी महिला विद्यापीठाच्या प्रौढशिक्षण विभागातल्या पौर्णिमा चिकरमाने आणि लक्ष्मी नारायण या वस्त्यांमध्ये साक्षरतेचं काम करायला गेल्या. तिथे कचरा वेचणाऱ्या मुली भेटल्या, आणि मुलींच्या मागोमाग त्यांच्या आया. अक्षरओळख राहिली बाजूला. बायकांचं म्हणणं साधं होतं: घरातच ओला आणि सुका कचरा वेगळा करून मिळाला तर घाणीत हात घालावा लागणार नाही, माल स्वच्छ मिळेल, भावही बरा येईल. तीसेक बायकांसाठी काही सोसायट्यांत तशी व्यवस्था जमली. जमते न जमते तोच एका खासगी कंत्राटदाराने गाडी आणून घरोघरचा कचरा पैसे घेऊन उचलायला सुरुवात केली. गाडीवाल्याने कचरा नेला तर पेटीत उरणार काय? बायका पेट्यांना चिकटून उभ्या राहिल्या. हिमालयात झाडांना मिठ्या मारल्या गेल्या तसं पुण्यात कचरापेटीचं चिपको झालं.

मे १९९३ मध्ये आठशेहून अधिक कचरावेचक परिषदेला जमले. बाबा आढाव पुढाकाराला होते. हमालांना संघटित करता येतं हे त्यांनी हमाल पंचायतीतून आधीच दाखवलं होतं. या परिषदेतून कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. गंमत म्हणजे आज ज्याच्या नावाने सगळे बोटं मोडतात ते प्लास्टिक संघटनेच्या नावात नाही. तेव्हा पोट भरत होतं ते या तिघांवर. पंचायतीची पहिली मागणी पैशांची नव्हती. ओळखपत्राची होती. महापालिकेचा शिक्का असलेलं कार्ड गळ्यात असलं की पोलिसाला ‘मी चोर नाही’ हे वेगळं सांगावं लागत नाही. १९९० च्या दशकाच्या मध्यावर पुणे महापालिकेने या ओळखपत्रांना मान्यता दिली. देशातल्या कोणत्याही पालिकेच्या आधी.

मग पंचायतीने हिशेबाला हात घातला. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेसाठी २००१ मध्ये झालेल्या अभ्यासात निघालं की एक कचरावेचक बाई महिन्याला साधारण २४६ रुपयांचं काम महापालिकेसाठी फुकट करते. ती जेवढं भंगार उचलते तेवढं गाडीत चढत नाही, डेपोवर जात नाही, त्याचं डिझेल वाचतं. ‘आम्हाला मदत करा’ हे म्हणणं मागे पडलं आणि ‘आमचं देणं द्या’ असं म्हणता येऊ लागलं. काही काळातच महापालिकेने नोंदणी झालेल्या कचरावेचकांच्या आरोग्यविम्याचा हप्ता भरायला घेतला. आकडा कधी कधी मोर्च्यापेक्षा लवकर पोचतो.

दरम्यान केंद्राचे २००० सालचे घनकचऱ्याचे नियम आले होते आणि त्यात घरोघर जाऊन कचरा गोळा करण्याचं बंधन होतं. पुण्याने त्यासाठी याच बायकांकडे बघितलं. आधी प्रायोगिक काम, मग २००७ मध्ये ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था आणि २००८ मध्ये महापालिकेशी पाच वर्षांचा करार. सभासदच मालक. घरोघर कचरा घ्यायचा, त्याचं शुल्क घरांनी द्यायचं (सुरुवातीला महिना दहा ते तीस रुपये), सुका कचरा विकून येणारे पैसे वेचणारीचे, आणि गाड्या, हातमोजे, देखरेखीचा खर्च महापालिकेचा. दहा रुपयांसाठी पुण्यातल्या सोसायट्यांच्या बैठकांत जो खल झाला तो मात्र अपूर्व होता.

वर्गीकरणाची जागा बघितली की ही किती कसबाची गोष्ट आहे ते कळतं. पोतं जमिनीवर रिकामं होतं. पाण्याची बाटली हातात येते: बूच फिरवून एका ढिगात, वरचं लेबल फाडून दुसरीकडे, बाटली पायाखाली चेपून तिसरीकडे. बूच आणि बाटली ही दोन वेगळी प्लास्टिकं, त्यांचे भाव वेगळे. पुठ्ठा वेगळा, वर्तमानपत्र वेगळं, वहीचा पांढरा कागद त्याहून वेगळा. दुधाच्या पिशवीचा कोपरा कापून टाकला असेल तर तो इवलासा तुकडा कुणाच्याच हाती लागत नाही, म्हणून पिशवी कापताना तो कोपरा तसाच लटकता ठेवा असं या बायका सांगत राहतात. प्लास्टिकचा आवाज ऐकून, दोन बोटांत चुरगाळून त्या जात ओळखतात.

आणि सगळं निवडून झाल्यावर जे उरतं, ते खरं दुखणं.

सॅनिटरी पॅड आणि डायपर. वर्तमानपत्रात गुंडाळलेले, न गुंडाळलेले, भाजीच्या देठांत मिसळलेले. २०११ च्या प्लास्टिक कचऱ्याच्या नियमांत उत्पादकांची जबाबदारी लिहिलेली होती, पण ती कागदावरच. २०१३ मध्ये महिला दिनाच्या सुमारास ‘स्वच्छ’च्या बायकांनी वापरलेल्या पॅडची पोती भरून थेट बनवणाऱ्या कंपन्यांना परत पाठवली. तुमचा माल, तुम्ही बघा. त्या काळातल्या आंदोलनांत इतकं नेमकं आणि इतकं झोंबणारं दुसरं क्वचितच सापडेल. मग ‘स्वच्छ’ने स्वतःच उपाय काढला: रद्दीच्या पिशव्या. वय झाल्याने ढकलगाडी ओढणं जमत नाही अशा सभासद बायका जुन्या वर्तमानपत्रांच्या पिशव्या चिकटवू लागल्या, रुपया-दोन रुपयांत घरोघर विकू लागल्या. पुढे लाल ठिपक्याची मोहीम आली: पॅड कागदात गुंडाळा, वर लाल ठिपका काढा, म्हणजे वेचणारीला उघडून बघायला नको. ठिपक्याला खर्च शून्य. तरी तो न काढणारी घरं अजून भरपूर आहेत.

जुन्या सामानाचं असंच. कपाट, खेळणी, बूट, बंद पडलेला मिक्सर, चालता पण नकोसा झालेला टीव्ही. बोहारणी सोसायट्यांच्या फाटकाबाहेरच अडू लागल्या, टेरिकॉटची चिंधी तेल टिपत नाही, आणि पिक्चर ट्यूबचा टीव्ही भंगारवाल्यालाही नको. ‘स्वच्छ’च्या ‘व्ही-कलेक्ट’ मोहिमा इथे कामाला आल्या, विशेषतः दिवाळीच्या आवराआवरीत. ठरलेल्या दिवशी चौकात टेम्पो येतो, लोक सामान आणून देतात. वापरण्याजोगं सामान कचरावेचकांच्या घरी जातं किंवा स्वस्तात विकलं जातं, बाकीचं सुटं करून भंगारात. ई-कचऱ्यासाठी केंद्राचे नियम मे २०१२ पासून लागू झाले. ‘पूर्णम इकोव्हिजन’सारख्या पुण्यातल्या संस्था त्याच्या संकलन मोहिमा घेतात, आणि दुरुस्त होणारे संगणक शाळांना देतात. २०११ मध्ये सुरू झालेल्या ‘सागरमित्र’ने वेगळाच माणूस पकडला: शाळकरी पोरगं. घरातलं स्वच्छ, कोरडं प्लास्टिक मुलांनी महिन्याला शाळेत आणायचं आणि ते पुनर्वापराला जायचं. मुठेत पडलेली पिशवी समुद्रापर्यंत जाते हे पोराला पटलं की आईला पिशवी धुवावीच लागते.

देवाचं काय करायचं, हा पुण्यात सर्वांत अवघड प्रश्न. भंगलेली तसबीर कुणी भंगारात टाकत नाही, पिंपळाच्या पारावर ठेवून येतात. निर्माल्य नदीत जायचं. गेली अनेक वर्षं गणपती विसर्जनाच्या दिवशी घाटांवर ‘स्वच्छ’च्या बायका ते हातात घेतात आणि त्याचं खत होतं. प्लास्टरच्या मूर्ती मात्र पाण्यात विरघळत नाहीत. पाषाणच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने त्यावर अमोनियम बायकार्बोनेट सुचवलं. बादलीत या द्रावणात मूर्ती ठेवली की प्लास्टरचं रूपांतर खाली बसणाऱ्या चुन्याच्या साक्यात आणि अमोनियम सल्फेटच्या पाण्यात होतं. ते पाणी कुंडीतल्या झाडांना चालतं. २०१६ पासून महापालिकेने ही पावडर फुकट वाटली. बाप्पाचं विसर्जन बाल्कनीत होईल असं १८९३ च्या पुण्यात कुणी बोललं असतं तर त्याची धडगत नव्हती. शाडूची माती खाणीतून काढून गुजरातेतून येते आणि ती संपणारी आहे, म्हणून ‘ईकोएक्झिस्ट’ आणि इतर संस्थांच्या ‘पुनरावर्तन’ मोहिमेत विसर्जनानंतरची माती गोळा करून मूर्तिकारांकडे परत जाते. मोडीचाच व्यवहार हा, पण मातीचा.

यातल्या कुठल्याच व्यवस्थेला पक्की शाश्वती नाही. ‘स्वच्छ’चा करार २०२० च्या अखेरीस संपला, नंतर मुदतवाढीवर गाडा ओढला गेला. खासगी कंत्राटदार आणायची चर्चा होत राहिली आणि अनेक नागरिक बायकांच्या बाजूने उभे राहिले. कंत्राटदाराला पैसे मिळतात ते वाहून नेलेल्या टनामागे. वेचणारीला मिळतात ते टन कमी केल्याबद्दल, आणि तेही भंगारवाल्याकडून. एकाच कामाचे हे दोन हिशेब जोवर शेजारी शेजारी आहेत तोवर हा झगडा मिटायचा नाही.

फोमची गादी घ्या. तिला पिंजारी नाही आणि बोहारीणही नाही. कुत्र्याला बसायला द्यावी म्हटलं तर इमारतीत परवानगी नाही. टेम्पोवाला ती न्यायचे पैसे मागतो, आणि भंगार द्यायचं तर वर पैसेही आपणच का मोजायचे, हे पुणेकराच्या गळी उतरत नाही. मग एखाद्या रात्री ती कुणाच्या तरी दुचाकीवर आडवी होऊन नाल्याकाठी जाते. पावसाळ्याच्या तोंडावर नालेसफाई निघते तेव्हा मोरीच्या तोंडाशी भिजून चौपट जड झालेल्या या गाद्या सापडतात. त्या काढायला जेसीबी लावावा लागतो आणि त्याचं बिल महापालिकेच्या, म्हणजे गादी टाकणाऱ्याच्याच, खात्यावर पडतं.